बसचा थांबा, गावाचा नळ आणि वस्तीतला कॅन्सर: ब्लॅक बायकांच्या पाठपुराव्याची गोष्ट

रोझा पार्क्स यांची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर कधीतरी ऐकलेली असते. दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक ब्लॅक बाई बसमध्ये बसली होती, गोऱ्या माणसासाठी उठायला तिने नकार दिला, तिला अटक झाली आणि मग सगळं शहर पेटून उठलं. गोष्ट खोटी नाहीये पण अर्धी आहे, आणि जो अर्धा भाग सांगताना गळून जातो ना, तो मला जास्त मोलाचा वाटतो. सिव्हिक एंगेजमेंट, पब्लिक पॉलिसी अ‍ॅडव्होकसी असे जड जड शब्द आपण ऐकतो, त्यांचा अर्थ त्या गळलेल्या भागात सापडतो. आपल्याकडे त्यासाठी एक साधा शब्द आहे, पाठपुरावा. अर्ज द्यायचा, परत जायचं, परत विचारायचं, चार लोकांना बरोबर न्यायचं, कागद जपून ठेवायचे आणि समोरचा माणूस कंटाळला तरी आपण कंटाळायचं नाही.

तर रोझा पार्क्स यांना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला. त्याच्या दीड वर्ष आधी, २१ मे १९५४ ला, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या त्याच माँटगोमेरी शहराच्या महापौरांना एक पत्र गेलं होतं. पाठवणारी संस्था विमेन्स पोलिटिकल कौन्सिल, सही जो अ‍ॅन रॉबिन्सन यांची. त्या तिथल्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. (मी मुद्दाम ब्लॅक हा शब्द वापरतेय कारण आफ्रिकी वंशाचे अमेरिकन लोक स्वतःसाठी आता तोच वापरतात.)

पत्रात काय होतं ते समजायला आधी बसचा नियम समजून घ्या. बसमध्ये ३६ सीट. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव, त्या रिकाम्या असल्या आणि मागे ब्लॅक बाई मूल कडेवर घेऊन उभी असली तरी राखीवच. मागच्या १० ब्लॅक लोकांच्या, आणि मधल्या १६ ड्रायव्हर सांगेल तशा. ब्लॅक प्रवाशाने तिकिटाचे पैसे पुढच्या दाराशी द्यायचे, मग खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं, आणि कधी कधी तो मागे पोचायच्या आत ड्रायव्हर बस काढायचा, पैसे गेले ते गेले. वर गोऱ्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबणार आणि ब्लॅक वस्तीत कोपरे सोडून सोडून.

आता मागण्या बघा, तीनच होत्या. ब्लॅक लोकांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत यायचं, बस भरेपर्यंत, म्हणजे बसलेल्याला उठवायचं नाही. पैसे पुढे देऊन मागच्या दाराने चढायला लावायचं नाही. आणि आमच्या वस्तीत पण प्रत्येक कोपऱ्यावर बस थांबवा. बस्स. वेगळं बसवणं बंद करा असं पण त्यात म्हटलेलं नाहीये! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थोडी नाराज झाले होते, इतकं कमी का मागितलं म्हणून. मग लक्षात आलं की हे खूप विचार करून मागितलेलं आहे. ज्या मागणीला महापौर कायद्याकडे बोट दाखवून नाही म्हणू शकतो ती आधी मांडायची नाही, जी शेजारच्या शहरात चालू आहे ती मांडायची, आणि पत्रात तसं लिहिलंच आहे की मोबिल शहरात हीच पद्धत आहे, शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या शहरांत पण आहे, मग तुम्हाला काय अडचण आहे. आणि त्याच्या पुढे हिशोब, की तुमच्या बसचे तीन चतुर्थांश प्रवासी आम्ही आहोत, आम्ही चढलो नाही तर तुमच्या बस चालणारच नाहीत. पंचवीसेक स्थानिक संघटनांमध्ये बहिष्काराची चर्चा चालू आहे हे पण अगदी नम्र भाषेत लिहून टाकलंय. थांब्यांच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली होती त्याबद्दल आनंद व्यक्त केलाय आणि लगेच पुढच्या वाक्यात, पण बसण्याचं आणि चढण्याचं तसंच चालू आहे. सरकारी ऑफिसात ज्यांनी कधी अर्ज लिहिलाय त्यांना या पत्रातली कारागिरी नक्की कळेल.

ही विमेन्स पोलिटिकल कौन्सिल १९४६ मध्ये मेरी फेअर बर्क्स यांनी सुरू केली, त्या पण त्याच कॉलेजात इंग्रजीच्या. मेंबर म्हणजे मुख्यतः शिक्षिका आणि शिकलेल्या नोकरदार बायका, मतदार नोंदणी, लोकांना त्यांचे हक्क समजावणं, नगरपालिकेच्या माणसांना भेटणं अशी कामं. जो अ‍ॅनबाई १९४९ मध्ये शहरात नवीन आलेल्या, ख्रिसमसच्या सुट्टीला निघालेल्या असताना जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकून पुढे बसल्या तर ड्रायव्हर अंगावर धावून आला, त्या रडत उतरल्या. तो अपमान त्यांनी मनात जपला आणि १९५० मध्ये त्या कौन्सिलच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा बसचा विषय पहिल्या नंबरवर घेतला. म्हणजे एका बाईचा वैयक्तिक अपमान, मग इतर बायकांच्या तशाच तक्रारी गोळा करणं, मग त्यातून तीन ओळींची मागणी, मग महापौरांची भेट, मग पत्र. अ‍ॅडव्होकसी म्हणतात ती हीच.

मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीला सीटवरून न उठल्याबद्दल अटक झाली, ऑक्टोबरमध्ये १८ वर्षांच्या मेरी लुईस स्मिथला. आणि डिसेंबरमध्ये रोझा पार्क्स, ज्या नुसत्या दमलेल्या शिंपीणबाई नव्हत्या, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सेक्रेटरी होत्या, कितीतरी वर्षं हेच काम करत होत्या. त्या गुरुवारी रात्री बातमी कळल्यावर जो अ‍ॅनबाई कॉलेजात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी बरोबर घेतले आणि कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर रात्रभर पत्रकं काढली, एका कागदावर तीनदा मजकूर, मग कापायचं. हजारोंनी पत्रकं निघाली. मशीन सरकारी कॉलेजचं, सरकार गोऱ्यांच्या हातात, पकडल्या गेल्या असत्या तर नोकरी जाणार हे माहीत होतं. सकाळ व्हायच्या आत कोणत्या शाळेत, कोणत्या दुकानात, कोणत्या ब्युटी पार्लरमध्ये कोण गठ्ठा घेणार हे ठरलेलं होतं, आणि शुक्रवारी दिवसभरात ती शहरभर पोचली. शहरातले पाद्री शुक्रवारी संध्याकाळी बैठकीला जमले तेव्हा सोमवारच्या बहिष्काराचं पत्रक घराघरात गेलेलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग, तेव्हा फक्त २६ वर्षांचे, त्यांची बहिष्कार चालवणाऱ्या नव्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवड झाली ती सोमवारी, ५ डिसेंबरला. किंग मोठेच होते, त्यात वादच नाही, पण सोमवारी सकाळी बस रिकाम्या धावल्या त्या या बायकांच्या रात्रीच्या कामामुळे.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. वर्षभर चालायचं तर पैसा लागतो, गाड्या लागतात, पेट्रोल लागतं. जॉर्जिया गिल्मोर म्हणून एक स्वयंपाकीण होत्या, त्यांनी बायका जमवून केक, पाय (pie) नावाचा गोड पदार्थ आणि चिकनची सँडविचं विकायला सुरुवात केली आणि तो पैसा दर सभेत आणून द्यायच्या. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, कुठूनच नाही. म्हणून त्या गटाचं नावच पडलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. नाव लपवायचं कारण साधं होतं, यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणीभांडी करायच्या, कळलं असतं तर काम गेलं असतं. गिल्मोरबाईंचं स्वतःचं काम गेलंच, कोर्टात ड्रायव्हरविरुद्ध साक्ष दिल्यावर, मग त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातच खानावळ चालवली. जो अ‍ॅनबाईंच्या घराच्या काचा फोडल्या गेल्या, गाडीवर अ‍ॅसिड ओतलं गेलं.

आणि शेवटी कायदा बदलला तो ज्या खटल्यात, ब्राउडर विरुद्ध गेल, त्यात रोझा पार्क्स नव्हत्याच. वादी होत्या चार बायका, ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनल्ड, क्लॉडेट कोल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ. १३ नोव्हेंबर १९५६ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल कायम केला आणि डिसेंबरमध्ये बसमधला वर्णभेद संपला. ज्या बायकांनी कमी मागितलं होतं त्यांना ते पण नाकारलं गेलं, आणि त्या नकारामुळेच सगळंच मिळवायची वेळ आली, असं मला वाटतं.

आता थोडं तिकडची व्यवस्था कशी चालते ते सांगते कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. अमेरिकेत आपल्या रोजच्या जगण्यातल्या खूप गोष्टी अगदी खालच्या पातळीवर ठरतात. शाळेचं निवडून आलेलं बोर्ड बऱ्याच ठिकाणी वेगळं, सिटी कौन्सिल वेगळी, काउंटीचं मंडळ वेगळं (काउंटी म्हणजे ढोबळपणे आपला जिल्हा धरा, पण बऱ्याचदा खूप लहान), शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख पण निवडून येतो, निवडणूक कशी घ्यायची हे पण स्थानिक मंडळं बघतात. कचरा डेपो कुठे होणार, फॅक्टरीला परवानगी कोणत्या वस्तीशेजारी मिळणार, मतदानकेंद्र कुठे असणार, हे दिल्लीसारख्या लांबच्या ठिकाणी ठरत नाही, संध्याकाळी सात वाजता भरणाऱ्या एखाद्या मीटिंगमध्ये ठरतं जिथे समोर दहा माणसं पण नसतात. या मीटिंगांमध्ये नागरिकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो, पब्लिक कॉमेंट म्हणतात, साधारण दोन-तीन मिनिटं माणशी. मी एकदा अशा एका मीटिंगला बसले होते, मुलांच्या स्कूल बसचा विषय होता, आणि एक वयस्कर ब्लॅक बाई माइकपाशी आल्या, हातात वही, तीन मिनिटांत तारखा, मागच्या वेळी कोण काय बोललं होतं, किती मुलं अंधारात चालत जातात सगळं सांगून बरोबर वेळेत थांबल्या. बाकीचे आम्ही रागावून बोललो, त्या वहीतून बोलल्या. त्यांचं बोलणं मीटिंगच्या लेखी नोंदीत, मिनिट्समध्ये, गेलं. तेव्हापासून मला या विषयाचं वेड लागलंय म्हणा.

आणखी एक फरक. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९३ पासून, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव आहेत, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. अमेरिकेत असं आरक्षण कुठेच नाही. त्यामुळे तिथल्या ब्लॅक बायकांना खुर्चीतून आत शिरण्याचा रस्ता फार उशिरा मिळाला, तोपर्यंत जे काय करायचं ते बाहेर उभं राहून. १९२० मध्ये बायकांना मताधिकार मिळाला पण दक्षिणेत ब्लॅक बायकांना तो कागदावरच मिळाला. म्हणून त्यांनी क्लब काढले, चर्चमधले गट, कॉलेजच्या भगिनीसंस्था. १८९६ मध्येच या क्लबांची देशपातळीवरची संघटना झाली होती. बाहेरून बघणाऱ्याला केक विकणाऱ्या बायका दिसायच्या, आत मात्र यादी, वर्गणी, निरोप पोचवायची साखळी सगळं तयार असायचं.

मताधिकार कागदावरच का, तर साक्षरता चाचणी. साउथ कॅरोलायनात नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागायचा आणि सही करता आली पाहिजे. शाळाच नीट मिळू दिल्या नाहीत आणि मग वाचता येत नाही म्हणून मत नाही. तिथे जॉन्स आयलंडवर ईसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवायचे, कामगारांना चार्ल्स्टन शहरात न्यायचे आणि बसमध्येच त्यांच्याकडून उतारा घोकून घ्यायचे. अ‍ॅलिस वाईन नावाच्या बाईंनी तो पाठ केला, पण त्यांना पाठांतर नको होतं, वाचायलाच शिकायचं होतं. मग जानेवारी १९५७ मध्ये बेटावर एका दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला, पुढे किराणा, मागे शाळा, म्हणजे गोऱ्यांना पत्ता लागायला नको. यामागे सेप्टिमा क्लार्क होत्या, जवळजवळ ४० वर्षं शिक्षिका, आणि एनएएसीपीचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये नोकरीवरून काढलेल्या.

शिकवायला मात्र त्यांनी शिक्षिका नाही निवडली. निवडली त्यांच्या नात्यातली बर्निस रॉबिन्सन, ब्युटी पार्लर चालवणारी. कारण बघा किती पक्कं आहे, शिक्षिकेचा पगार सरकार देतं, सरकार तिला गप्प करू शकतं. पार्लरवालीच्या गिऱ्हाईक ब्लॅक बायका, तिचं पोट कोणा गोऱ्या मालकावर अवलंबून नाही. आणि पार्लरमध्ये बाई दोन तास बसते आणि बोलते, त्यामुळे गावात कोणाचं काय चाललंय ते तिला सगळ्यात आधी कळतं. बर्निसबाईंनी पहिल्या दिवशी वर्गात सांगितलं की मी काही शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, आणि तुम्हाला काय शिकायचंय ते विचारलं. लोक म्हणाले सही करायची आहे, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे, बायबल वाचायचंय. तेच फॉर्म धडा झाले. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला, शेवटपर्यंत हे वाचता आलं पाहिजे म्हणून. पहिल्या वर्गाचे १४ लोक मतदार म्हणून नोंदले गेले, आणि हे सिटिझनशिप स्कूल नंतर दक्षिणेत गावोगाव पसरलं. रात्रीचे वर्ग म्हटलं की मला आपल्याकडच्या सत्यशोधकांची रात्रशाळा आठवते, आणि आठवण उगीच नाहीये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केली होती, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहून तिथल्या ब्लॅक लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. ही देवाणघेवाण आपण अभिमानाने सांगतो, पण त्यात सगळी नावं पुरुषांची आहेत, सेप्टिमाबाई आणि बर्निसबाई मराठीत फारशा आल्याच नाहीत, ते मला खटकतं.

१९६५ ला व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट हा मताधिकाराचा कायदा आला आणि चाचण्या गेल्या. मग काय बदललं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे मिसिसिपीतलं मेयर्सव्हिल. युनिटा ब्लॅकवेल या कापसाच्या शेतात राबणाऱ्या बाई, १९६४ मध्ये मतदार नोंदणीला गेल्या तर परत पाठवलं, पुन्हा पुन्हा गेल्या. पुढे त्या स्वतःच १९७६ मध्ये मेयर्सव्हिलच्या महापौर झाल्या, मिसिसिपीत महापौर झालेल्या पहिल्या ब्लॅक बाई. पण आधी महापौर व्हायला गाव तर हवं! मेयर्सव्हिल कायद्याच्या दृष्टीने गाव नव्हतंच, नुसती वस्ती होती, आणि नोंदणीकृत गाव नसेल तर केंद्राच्या निधीसाठी अर्जच करता येत नाही. आपल्याकडे वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली की जसा निधीचा रस्ता उघडतो ना, तसंच. तर युनिटाबाईंनी आधी गावाची अधिकृत नोंदणी करून घेतली आणि मग पाणी, सांडपाण्याची लाइन, पक्के रस्ते, घरं आणली. यात कुठे मोर्चा दिसत नाही, गोळीबार दिसत नाही, म्हणून कोणी फार सांगत नाही. पण ज्या बाईने विहिरीवरून पाणी ओढलंय तिला विचारा नळ म्हणजे काय असतं.

आता शिकागो. शहराच्या अगदी दक्षिण टोकाला ऑल्टगेल्ड गार्डन्स नावाची सरकारी वसाहत आहे, १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या ब्लॅक सैनिकांसाठी बांधलेली. नाव गार्डन्स पण आजूबाजूला कचऱ्याचे डेपो, कारखाने, सांडपाण्याचा मोठा प्लँट, रसायनांची दूषित जमीन. हेझल जॉन्सन १९६२ पासून तिथे राहायच्या, सात मुलं. १९६९ मध्ये नवरा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, वय फक्त ४१. पुढे त्यांनी बातम्यांमध्ये ऐकलं की शहराच्या या भागात कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यांना आजूबाजूच्या घरातली आजारपणं आठवायला लागली, पोरांचा दमा, अंगावर पुरळ, शेजाऱ्यांचे मृत्यू. १९७९ मध्ये त्यांनी पीपल फॉर कम्युनिटी रिकव्हरी ही संस्था काढली, सुरुवात खरं तर घरदुरुस्तीच्या तक्रारींपासून झाली होती.

मग हेझलबाईंनी केलं काय, तर दारोदार जाऊन विचारलं. तुमच्या घरात कोणाला काय आजार आहे, कधीपासून आहे. ना डॉक्टर, ना संशोधक, वस्तीतली एक विधवा बाई आणि तिच्या मैत्रिणी. आणि नकाशा काढला की कुठला डेपो कुठे आहे, तेव्हा लक्षात आलं की वसाहत मध्ये आणि विष सगळीकडून गोल. त्यांनी त्याला 'टॉक्सिक डोनट' असं नाव दिलं. हे नाव देणं छोटी गोष्ट वाटेल पण धोरणाच्या कामात याला फार किंमत आहे. शंभर पानांचा अहवाल अधिकारी वाचेलच असं नाही, पण विषाचा डोनट आणि मधल्या भोकात आमची मुलं हे एकदा ऐकलं की विसरता येत नाही.

इथे एक किचकट पण महत्त्वाची गोष्ट आहे, ती जरा नीट समजून घेऊया. प्रत्येक कारखान्याला परवाना वेगवेगळा मिळतो आणि प्रत्येक परवान्यात या एका कारखान्यातून निघणारं प्रदूषण मर्यादेत आहे का एवढंच बघितलं जातं. एक मर्यादेत, दुसरा मर्यादेत, दहावा पण मर्यादेत. पण श्वास घेणारं फुप्फुस एकच आहे ना! सगळं मिळून किती होतं हे कोणाच्याच टेबलावर नसतं. कायदा मोडलेला नाही आणि माणसं आजारी आहेत, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि म्हणून नुसती तक्रार करून भागत नाही, नियमच बदलायला लावावा लागतो. पर्यावरण न्याय म्हणजे एन्व्हायर्नमेंटल जस्टिस या चळवळीचा गाभा हाच आहे, आणि हेझलबाईंना तिची आई म्हणतात.

जवळच्याच मेरीलँड मॅनर भागात लोक विहिरीचं दूषित पाणी पीत होते, हेझलबाई मागे लागल्या आणि तिथे शहराच्या पाण्याची लाइन आली. घरांच्या बांधकामातला घातक अ‍ॅसबेस्टॉस काढायला लावण्याची लढाई १९८० च्या दशकात झाली, त्यात त्या भागात काम करणारा एक तरुण कार्यकर्ता पण होता, बराक ओबामा नावाचा. त्याचं नाव पुढे जगभर झालं, हेझलबाई त्याच वसाहतीत काम करत राहिल्या. ११ फेब्रुवारी १९९४ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १२८९८ वर सही केली तेव्हा त्या तिथे हजर होत्या. केंद्र सरकारच्या प्रत्येक खात्याने आपल्या निर्णयांचा गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो ते बघायचं, असा तो आदेश. दारोदारच्या वहीपासून व्हाइट हाउसपर्यंत साधारण १५ वर्षं लागली.

पण आदेश म्हणजे कायदा नव्हे, हे पण लक्षात ठेवायला हवं. संसदेने केलेला कायदा रद्द करायला संसद नाहीतर कोर्ट लागतं, राष्ट्राध्यक्षांचा आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने रद्द करू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. तीस वर्षांचं काम असं कागदावरून पुसलं गेलेलं बघून मला खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी हे पण दिसलं की मेरीलँड मॅनरचे पाइप कोणी उखडून नेऊ शकलं नाही.

मताच्या बाबतीत पण असंच काहीसं झालं. १९६५ च्या कायद्यात एक कलम असं होतं की ज्या भागांचा इतिहास वाईट आहे तिथे निवडणुकीच्या नियमात कुठलाही बदल करायचा, अगदी मतदानकेंद्र शाळेतून चर्चमध्ये हलवायचं असलं तरी, आधी केंद्राची मंजुरी घ्या आणि यामुळे कोणाचं नुकसान होणार नाही हे तुम्हीच सिद्ध करा. २५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटीच्या खटल्यात कोणत्या भागांना हे लागू ते ठरवणारं सूत्रच बाद केलं, त्यामुळे मंजुरीची अट व्यवहारात संपली. आता बदल आधी होतो आणि नुकसान झालं हे लोकांनी मागाहून सिद्ध करायचं. म्हणजे ओझं सरकारच्या खांद्यावरून उचलून थेट वस्तीतल्या लोकांच्या डोक्यावर ठेवलं. मग कोणीतरी दर महिन्याच्या निवडणूक मंडळाच्या मीटिंगला जाऊन बसायला हवं, पेपरातल्या बारीक अक्षरातल्या नोटिसा वाचायला हव्यात. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीत हे काम करणाऱ्या संघटनांमध्ये पुढे उभ्या दिसतात त्या बऱ्याचदा ब्लॅक बायकाच. टीव्हीवर जॉर्जियातल्या नेत्या स्टेसी अब्राम्स दिसतात, त्यांचं काम मोठंच आहे, पण वही घेऊन मीटिंगला बसलेल्या बायकांचं नाव कुठे येत नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जियाच्या रॅन्डॉल्फ काउंटीत, जिथे निम्म्याहून जास्त लोक ब्लॅक आहेत, ९ पैकी ७ मतदानकेंद्रं बंद करायचा प्रस्ताव आला. कारण दिलं गेलं की या जागा अपंगांसाठी सोयीच्या नाहीत. खेड्यातली काउंटी, बस नाही, ज्याच्याकडे गाडी नाही त्याने मैलोन्‌मैल चालत जायचं का? लोकांनी सभा भरवून टाकल्या, सह्या गोळा केल्या, बातमी देशभर गेली, आणि २४ ऑगस्टला मंडळाने प्रस्ताव फेटाळला, मीटिंग एक मिनिटभर पण चालली नाही म्हणतात. त्या वेळी सातही केंद्रं राहिली.

हेझलबाई २०११ मध्ये गेल्या. संस्था आता त्यांची मुलगी शेरिल जॉन्सन बघतात, त्याच वसाहतीतून. तिथल्या लोकांची एक मागणी कित्येक दशकं जुनी आहे, ट्रेन. शहराची रेड लाइन ९५ व्या रस्त्यावर संपते आणि त्याच्या पुढे राहणाऱ्यांना नोकरीला जायला बस बदलत बदलत जावं लागतं. ती लाइन साडेपाच मैलांच्या आसपास वाढवून १३० व्या रस्त्यापर्यंत, म्हणजे ऑल्टगेल्ड गार्डन्सच्या दाराशी न्यायची, चार नवी स्टेशनं करायची असा प्रकल्प आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी केंद्राच्या जवळपास दोन अब्ज डॉलरच्या निधीचा करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने शिकागोच्या रेल्वे प्रकल्पांचा निधी रोखल्याचं जाहीर केलं. म्हणजे परत अर्ज, परत मीटिंगा. त्या १३० व्या रस्त्याच्या एका भागाला आता हेझल जॉन्सन यांचं नाव दिलेलं आहे, आणि स्टेशन त्याच रस्त्यावर व्हायचं आहे.